आईच्या गोळ्या आणि माझा जळफळाट

ती पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आली तेव्हा आईनं तिला माझं ताट दिलं. त्यावर माझं नाव कोरलेलं नव्हतं, पण कडेला पोचा आलेलं ते स्टीलचं ताट लहानपणापासून मीच घ्यायचे आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी दुसरं ताट ओढलं आणि कढी फार आंबट झालीये म्हणाले. कढी चांगली झाली होती.

ती आणि मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बडोद्याच्या समा भागात आमच्या सोसायटीत घरोघरी केबल आली होती, आणि बाबांच्या वाघोडियाच्या कारखान्यात नवी यंत्रं आल्यापासून ते रोज कोणाला घरी बसवलं याच्या बातम्या आणत. आम्ही मूळचे बडोदेकर. पणजोबांचे वडील गायकवाडांच्या फौजेत होते. ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी सांगितली जाते. ती भुसावळची. वडील रेल्वेत, बदली होऊन आलेले, राहायला रेल्वे क्वार्टरमध्ये. बडोद्याला येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि तिचं गुजराती माझ्यापेक्षा सफाईदार होतं. माझ्या जळफळाटाची यादी करायचीच तर ही पहिली नोंद.

दुसरी नोंद म्हणजे तिचे केस, ती सोडून देते. तिसरी फार्माकॉलॉजीचा वर्ग.

आमच्या ट्यूटर मॅडम गुजराती होत्या, उंच, आवाज करडा. मेंदूवर आणि मज्जातंतूंवर काम करणाऱ्या औषधांचा धडा सुरू झाला तेव्हा त्यांनी फळ्यावर रकाने आखले. झोप आणणारी, वेदना मारणारी, मन ताळ्यावर आणणारी, फिट थांबवणारी. प्रत्येक रकान्यात औषधांची नावं आणि शेवटी एक सगळ्यात रुंद रकाना, नर्सचं काम. मॅडम म्हणायच्या, "डॉक्टर तो लखीने जाय. पेशंट पासे तमारे रहेवानुं छे." डॉक्टर लिहून निघून जातो, पेशंटपाशी तुम्हाला राहायचंय. मॉर्फिन देण्याआधी एक मिनिट पूर्ण घड्याळ धरून श्वास मोजायचे. झोपेचं औषध दिलं की पलंगाचे कठडे वर करायचे. काही इंजेक्शनांनंतर पेशंटला लगेच उठू द्यायचं नाही, रक्तदाब घसरतो, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. मी हे सगळं पाठ केलं होतं, वहीत लाल शाईनं चौकटी करून.

आणि फिटची औषधं तर माझ्या घरचीच होती. आईला मी पाच वर्षांची असल्यापासून फिट यायच्या. शेजारच्या बायका चप्पल नाकाशी धरायला धावायच्या, कोणी कांदा फोडायचं, आणि मी दारात उभी राहून रडायचे. मग फेनिटॉइन सुरू झालं आणि फिट वर्षाला एखाद-दुसरीवर आल्या. ती पांढरी गोळी मी बाराखडीबरोबर शिकले. वर्गात तिचं नाव निघालं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. हा धडा माझा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी दुष्परिणाम विचारले. मी घडाघडा म्हणून दाखवले. चालताना तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, अंगावर लव वाढणं, हिरड्या सुजून दातांवर चढणं. एक राहिला नाही. मॅडमनी मान डोलावली आणि सवयीनं विचारलं, "बीजुं कंई?" आणखी काही?

तिनं हात वर केला. "मॅडम, पेशंट हसवानुं छोडी दे छे."

पेशंट हसायचं सोडतो. मॅडमनी खडू उचलून ते रुंद रकान्यात लिहिलं. त्याखाली लिहिलं, मऊ ब्रश, रोज हिरड्या चोळणं, दातांच्या डॉक्टरकडे पाठवणं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं, पण पेन कागदात रुतत होतं.

कारण तो पेशंट म्हणजे माझी आई होती. आदल्याच रविवारी ही मुलगी आमच्याकडे जेवून गेली होती, माझ्या ताटात, आणि आई पदर तोंडावर धरून हसते हे तिला एका दुपारात दिसलं होतं. मला पंधरा वर्षांत दिसलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण मला वाटायचं आई लाजाळू आहे. माझ्या घरातली गोष्ट तिनं उचलून वर्गात शहाणपण मिरवलं म्हणून मी चिडले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे होतं की ती गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

त्यानंतर ती वरचेवर यायला लागली. मी बोलवायचे नाही, आई बोलवायची. ती आली की दोघी ओट्यापाशी. तिनं आईला खानदेशी भरीत शिकवलं, हिरव्या मिरच्या भाजून कुटलेलं, आणि आई आयुष्यभर वांग्याला नाक मुरडणारी बाई, ते बोटं चाटून खायला लागली. तिनं आईला मऊ ब्रश आणून दिला. आरशासमोर उभं करून हिरड्यांवर बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. बाहेरच्या खोलीत मी पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. पुस्तकातलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. आई तिला "बेटा" म्हणायची. मला आई "अगं" म्हणायची, फार प्रेम आलं तर "अगं बाई".

मी ठरवलं, आईचं खरं नर्सिंग मी करून दाखवते.

त्याच सुमारास आम्हाला मनोरुग्णांच्या वॉर्डात पाठवलं होतं. तिथली एक पद्धत माझ्या मनात पक्की बसली. गोळी दिली की पेशंटसमोरून हलायचं नाही. पाणी प्यायला लावायचं, मग तोंड उघडायला लावायचं, जीभ वर, जीभ डावीकडे, उजवीकडे, शेवटी गाल आतून बघायचे. पुष्कळ पेशंट गोळी गालात दडवतात आणि नर्सची पाठ वळली की थुंकून टाकतात. मी ते घरी सुरू केलं. सकाळी आणि रात्री जेवणानंतर गोळी मी माझ्या हातानं द्यायचे. "आ कर. जीभ वर कर." आई बिचारी तोंड उघडायची, डोळे मिटून. गाल ओढून बघणं मात्र मी टाळायचे. मी कारण द्यायचे की हिरडीतून रक्त येतं, तिला दुखतं. वास्तविक त्या सुजलेल्या, दातांवर चढलेल्या हिरड्या मला बघवत नव्हत्या.

बाबा एकदा म्हणाले, "अगं, आई आहे ती तुझी, वॉर्डातली पेशंट नाही." मी त्यांना औषधाचं महत्त्व पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

आणि मग आईला फिट आली. सोसायटीच्या आवारात, भाजीवाल्याच्या गाडीसमोर, दहा बायकांच्या देखत. मी वरून पळत गेले, कुशीवर वळवलं, चपला घेऊन आलेल्यांना हाकललं, घड्याळ लावलं, सगळं पुस्तकात आहे तसं. पंधरा दिवसांत दुसरी फिट आली. मला काही कळेना. औषध चालू असताना फिट आली तर पहिलं कारण एकच शिकवलं होतं, गोळ्या चुकणं. पण गोळ्या तर मी देत होते. मी पट्ट्या तपासल्या. एक गोळी इकडची तिकडे नव्हती.

मी आईला विचारलं, "गोळी घेतेस ना नीट?"

"तूच तर देतेस," आई म्हणाली.

मग मला संशय आला तो औषधाच्या दुकानावर. कंपनी बदलली असेल, माल जुना असेल. दुकानदाराशी मी तावातावानं भांडून आले.

पुढच्या आठवड्यात माझी ड्युटी मेंदूच्या विकारांच्या ओपीडीत होती, पेशंटचं वजन आणि रक्तदाब घ्यायचा. डॉक्टरांच्या टेबलामागे कापडी पडदा होता, पडद्याच्या अलीकडे मी. अकराच्या सुमारास पलीकडून ओळखीचा आवाज आला. खरं तर आधी मी आवाज ओळखला नाही, भुसावळी हेल ओळखला. ती डॉक्टरांना सांगत होती की या माझ्या काकू, यांना अमुक वर्षं फेनिटॉइन चालू आहे, आणि मध्येच थांबून म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा ना. डॉक्टर रागावणार नाहीत."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. माझी आई स्टुलावर बसली होती. घरी तिनं मला सांगितलं होतं की आज ती छाणीला मावशीकडे जाणार आहे.

आईनं सांगितलं. हळूहळू, पण सगळं सांगितलं. ती आमच्या भागातल्या भजनी मंडळात गायची. चाल सांगणारी ती, बाकीच्या मागून म्हणणाऱ्या. पण गोळ्यांनी जीभ जड व्हायची, शब्द ओलं कापड पिळल्यासारखे यायचे, वर हिरड्यांनी तोंड मिटेना. बायकांनी गोडीगुलाबीनं तिला टाळ दिले आणि गायला दुसरीला बसवलं. म्हणून गुरुवारच्या भजनाआधी दोन दिवस ती गोळ्या टाकायची. वरच्या दाढेपाशी सुजलेल्या हिरडीआड सरकवायची आणि मोरीत थुंकायची. जी हिरडी त्याच गोळीनं वाढवली होती, तिच्याचमागे.

"हे घरी कोणाला ठाऊक आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिला फक्त," आई म्हणाली. "हिनं मला विचारलं, काकू, आठवड्यात किती राहून जातात? म्हणून सांगून टाकलं. बेटा, घरी कळू देऊ नकोस हं."

डॉक्टर ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी दुसरं औषध लिहिलं. नवं हळूहळू वाढवायचं, जुनं हळूहळू कमी करायचं, एकदम काही थांबवायचं नाही, दोन महिन्यांत हिरड्याही उतरायला लागतील. ती सगळं कागदावर लिहून घेत होती. आईचा हात तिच्या हातात होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या ड्युटीच्या जागी, माझ्यापासून दोन हातांवर, माझी आई दुसऱ्या मुलीला घेऊन डॉक्टरकडे आली होती. माझ्याशी खोटं बोलून. आई बरी होण्याचा रस्ता सापडला होता याचा आनंद मला त्या क्षणी तसूभरही झाला नाही. मी एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या दंडाला पट्टा बांधला होता तो इतका आवळला की ते "ओ बेन, ओ बेन" करायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी ट्यूटर मॅडमच्या खोलीत गेले. आमच्या शाळेत एका नियमाला माफी नव्हती. विद्यार्थिनीनं पेशंटला औषध बदलायला, कमी करायला किंवा थांबवायला स्वतःच्या मनानं सांगायचं नाही. पहिल्या वर्षी पहिल्या दिवशी सही घेतलेली होती. मी मॅडमना म्हणाले की माझ्या मैत्रिणीनं माझ्या आईला गोळ्या टाकून द्यायला सांगितलं. म्हणून आईला दोन फिट आल्या. हिरड्या सुजतात म्हणून तिनं असं सांगितलं. वर्गातही ती हिरड्यांबद्दल बोलली होती, आठवतं ना?

हे सगळं मी शांतपणे बोलले. गळा दाटून आल्याचं थोडं नाटकसुद्धा केलं.

मॅडमनी तिला बोलावलं. मी तिथेच उभी. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का? तिनं माझ्याकडे पाहिलं. एका वाक्यात ती सुटली असती. काकू आधीपासूनच गोळ्या टाकत होत्या, एवढं म्हणायचं. पण तिनं आईला शब्द दिला होता की घरी कळू देणार नाही, आणि घर तिच्या शेजारीच उभं होतं. मला आधीच सगळं कळलं होतं हे तिला माहीत नव्हतं. मला मात्र माहीत होतं की ती बोलणार नाही. त्याच भरवशावर मी आले होते.

"मारी भूल थई गई, मॅडम," ती म्हणाली.

तिला दोन महिने वॉर्डात जायला बंदी झाली. हजेरी कमी पडली, म्हणजे आमच्याबरोबर परीक्षा नाही, सहा महिने मागे. वडिलांना बोलावून घेतलं. रेल्वेचा गणवेश घातलेला तो माणूस मॅडमसमोर हात जोडून उभा होता, मी जिन्यावरून पाहिलं. नंतरच्या चाचणीत मी फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली आले. माझ्या पुढे जाणारी कोणी उरलीच नव्हती.

घरी आईनं नव्या औषधाचा कागद मला कसाबसा दाखवला. मावशीच्या ओळखीच्या डॉक्टरनं दिलं म्हणाली. मी काही विचारलं नाही. मला आई परत मिळाली होती ना. भरीत आता मी शिकून घेतलं. तिचा ब्रश मी बदलला, त्याच रंगाचा दुसरा आणला. फिट आल्या नाहीत. महिन्या-दीड महिन्यात हिरड्या खरंच उतरायला लागल्या, आणि एका गुरुवारी आई मंडळातून गुणगुणत घरी आली. तेवढे दिवस मी सुखात होते, हे कबूल करते. मला कसलीही टोचणी लागली नाही. आई मात्र दर दोन दिवसांनी विचारायची, ती का येत नाही गं? मी म्हणायचे, परीक्षा आहे. अभ्यास आहे. तिला आता वेळ नसतो.

आई वाट पाहून थकली आणि एका दुपारी बेसनाचे लाडू डब्यात घालून स्वतःच रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. मुलीची परीक्षा आता सहा महिन्यांनी आहे हे मैत्रिणीच्या आईनं तिला सांगितलं. का, तेही सांगितलं. तक्रार कोणी केली, तेही.

आई घरी आली. चहा केला, दोघींचा. सकाळी मी निघताना तीही तयार होती, ठेवणीतली जांभळी साडी नेसून. "मला तुझ्या शाळेत यायचंय," एवढंच म्हणाली. बसमध्ये आम्ही एका बाकावर बसलो आणि ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा कंडक्टर तिकीट विचारत आल्यासारखं करून पर्समधली सुटी नाणी मोजायला लागले.

मॅडमच्या खोलीत आई खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच बोलली, गुजरातीत. "बेन, गोळी तो हुं पोते थूंकी नाखती हती. पहेलेथी. ए छोकरीनो कंई वांक नथी." गोळ्या मीच थुंकून टाकत होते, आधीपासून. त्या पोरीचा काही दोष नाही. तीच तर मला डॉक्टरकडे घेऊन गेली. मीच तिला शपथ घातली होती की घरी सांगू नकोस. हवं तर मी लिहून देते.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे वळून त्यांनी विचारलं ते मला अगदी रास्त वाटलं, मलाही तेच विचारायचं होतं. "पण बेन, घरमां दीकरी नर्सिंग भणे छे. एने केम न कह्युं?" घरात मुलगी हेच शिकतेय, तिला का नाही सांगितलं?

मी तिथे असल्याचं आईला माहीत होतं. तिनं आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मला वाचवायचा एक प्रयत्नही केल्यासारखा वाटला, कारण आधी ती म्हणाली की पोरगी हुशार आहे, फार करते माझं. मग म्हणाली, "पण मने एनी बीक लागे छे."

मला हिची भीती वाटते.

मॅडमनी त्याच दिवशी बंदी उठवली. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरलं आणि ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती खोलीतली वेळ अजून माझ्या अंगावर येते, आणि ती लाजेनं येते असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. आईच्या तोंडून ते वाक्य निघालं तेव्हा मला पश्चात्ताप नंतर झाला. आधी, सगळ्यात आधी, मला हेवाच वाटला. आईला तिची भीती वाटत नव्हती.